सुपरनोव्हा विझतो कसा? छोट्या दुर्बिणीतून मोजलेला उजेड काय सांगतो

19 मे 2023 रोजी जपानमधले हौशी आकाशनिरीक्षक कोइची इतागाकी यांना एम 101 या दीर्घिकेच्या फोटोत एक नवा ठिपका दिसला. आधीच्या फोटोंत त्या जागी असं काही नव्हतं. सप्तर्षीच्या पतंगाची शेपटी शोधा. तिच्यातले वसिष्ठ आणि मरीची धरून जवळपास समभुज त्रिकोण काढला की तिसऱ्या टोकाशी ही दीर्घिका येते. पाच-सहा दिवसांत तो ठिपका इतका उजळला की कॅमेरा नसला तरी घरगुती दुर्बिणीला डोळा लावून दिसू लागला. सुमारे 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षांवरचा एक तारा फुटला होता. त्याला नाव मिळालं एसएन 2023आयएक्सएफ.

बातम्या आल्या, फोटो फिरले आणि आठवड्याभरात सगळं शांत झालं. सुपरनोव्हा मात्र पुढे कित्येक महिने आकाशात होता, हळूहळू मंद होत. बातमी संपल्यानंतरचा हा काळच मला जास्त मोलाचा वाटतो. स्फोटात किती किरणोत्सारी धातू तयार झाला, ताऱ्याच्या अंगावर हायड्रोजनचं किती जाड आवरण होतं, हे उजेड कोणत्या चालीने ओसरतो यावरून कळतं. आणि ही चाल 15-20 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून कुणालाही मोजता येते.

फुटतं काय आणि कसं

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट. तो मुख्यतः दोन वाटांनी होतो. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यातलं इंधन संपलं की गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. 2023आयएक्सएफ हा असा होता. दुसरी वाट श्वेत बटूची, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याची. जोडीदार ताऱ्याकडून त्याला जास्तीचं द्रव्य मिळालं, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळले, तर आतला कार्बन एकदम पेटून सगळा ताराच उडतो. या प्रकाराला ‘वन-ए’ म्हणतात.

दोन्हींचं तेज वेगवेगळ्या रीतीने ओसरतं. पण त्याआधी तेज मोजायची भाषा समजून घेऊ.

प्रत: उलटी वाटणारी मोजपट्टी

ताऱ्याचं दिसणारं तेज ‘प्रती’त सांगतात. प्राचीन ग्रीक निरीक्षकांनी सगळ्यात ठळक ताऱ्यांना पहिली प्रत दिली आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्यांना सहावी. त्यामुळे आकडा जितका मोठा तितका तारा मंद. 1856 मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी तिला गणिताची शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर शंभर पटींचा फरक. एका प्रतीचा फरक मग सुमारे अडीच पटींचा होतो.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. 11व्या प्रतीचा सुपरनोव्हा 16व्या प्रतीवर गेला, तर आपल्याकडे पोचणाऱ्या त्याच्या उजेडाचा शंभरावा भाग उरला. प्रत ही मुळात पटींची भाषा आहे. पुढे आलेख वाचताना याचा मोठा उपयोग होणार आहे.

मोजायचं म्हणजे शेजाऱ्याशी ताडून पाहायचं

तराजूला वस्तूचं वजन ठाऊक नसतं. दुसऱ्या पारड्यातल्या मापापेक्षा ती जड की हलकी, इतकंच तो सांगतो. सुपरनोव्हाचं तेजही तसंच मोजतात. दुर्बिणीच्या त्याच दृष्टिक्षेत्रात ज्यांची प्रत आधीच नीट मोजलेली आहे असे तारे असतात. ही आपली मापं. त्यांना तुलनातारे म्हणतात. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी ‘एएव्हीएसओ’ ही संस्था 1911 पासून काम करते आहे. तिच्या नकाशांवर तुलनाताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात आणि ते नकाशे कुणालाही मिळतात.

कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून करायचं तर रीत अशी. अंधारात वीस-तीस मिनिटं डोळे निवू द्या. मग सुपरनोव्हापेक्षा किंचित ठळक एक तारा निवडा आणि किंचित मंद एक. समजा एक 11.4 प्रतीचा आहे आणि दुसरा 12.0 प्रतीचा. सुपरनोव्हा या दोघांच्या दरम्यान कुठे बसतो ते ठरवा. ठळक ताऱ्याकडून एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर त्याची प्रत 11.6. सरावलेल्या डोळ्याची चूक एक-दोन दशांश प्रतीच्या आत राहते.

ठिपका फारच मंद असेल तर त्याच्यावर नजर न रोखता थोडं बाजूला पाहा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मंद उजेडाला कच्चा असतो, कडेचा भाग पक्का. ताऱ्याचा रंग लालसर असेल तर टक लावून बघणंच टाळा. लाल ठिपक्याकडे जितकं जास्त वेळ पाहावं तितका तो जास्त ठळक भासतो. सुपरनोव्हा सुरुवातीला निळसर असतो आणि पुढे लालसर होत जातो. म्हणजे ही फसगत दिवसागणिक वाढत जाते. झटकन एक नजर टाकायची, तुलनाताऱ्यावर दुसरी, आणि मनात आलेला आकडा लगेच उतरवायचा.

या पद्धतीचं बळ असं की हवेतल्या दोषांचा बराचसा हिशेब आपोआप चुकता होतो. पातळ ढग आला, धुरकं पसरलं, तरी सुपरनोव्हा आणि त्याच्या शेजारचे तारे जवळपास सारखेच मंदावतात. तराजू कुठेही नेला तरी पारडी जुळतातच, तसं.

कॅमेरा लावला तर

कॅमेऱ्याने मोजताना तत्त्व तेच राहतं, फक्त तुलना संगणक करतो. ताऱ्याभोवती छोटं वर्तुळ आखायचं आणि त्यातला सगळा उजेड मोजायचा. त्याच्याबाहेर एक कडं आखून आकाशाचा स्वतःचा उजेड किती ते काढायचं आणि वजा करायचं. तुलनाताऱ्यांसाठीही हेच केलं की दोन आकड्यांच्या गुणोत्तरातून प्रत निघते. काळजीने केलं तर चूक काही शतांश प्रतींवर येते.

दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, कुठल्याही ताऱ्याचे चित्रबिंदू (पिक्सेल) उजेडाने काठोकाठ भरू द्यायचे नाहीत. भांडं भरून वाहू लागलं की किती पाणी ओतलं ते कळत नाही. दोन, कोणत्या रंगात मोजलं ते नोंदवायचं. शास्त्रज्ञ ठरावीक फिल्टर वापरतात. त्यातला ‘व्ही’ नावाचा हिरवट-पिवळा फिल्टर डोळ्याच्या नजरेला सगळ्यात जवळचा. साध्या डिजिटल कॅमेऱ्यातला हिरवा भाग वेगळा काढला तर तोही त्याच्या बराच जवळ येतो.

सगळ्यात फसवी चूक: पाठीमागची दीर्घिका

या चुकीवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण तिच्यामुळे मेहनतीने केलेली कितीतरी निरीक्षणं वाया जातात.

सुपरनोव्हा एकटा काळ्या आकाशात नसतो. तो आपल्या दीर्घिकेच्या अंगावर असतो, आणि आपण आखलेल्या वर्तुळात त्या दीर्घिकेचाही उजेड शिरतो. 2023आयएक्सएफ तर एम 101च्या बाहूवरच्या चमकत्या वायूच्या एका मोठ्या पुंजक्याशेजारी होता. समजा वर्तुळात शिरणारा हा परका उजेड 15व्या प्रतीच्या ताऱ्याइतका आहे. सुपरनोव्हा 12व्या प्रतीवर असेल, तेव्हा ही भर जेमतेम सहा टक्क्यांची, सहज दुर्लक्ष होईल अशी. तोच सुपरनोव्हा 15व्या प्रतीपर्यंत उतरला की अर्धा उजेड त्याचा आणि अर्धा दीर्घिकेचा. कॅमेरा 14.25 दाखवतो आणि आपल्याला वाटतं, तारा मंदावायचा थांबला!

आलेख शेवटी सपाट होऊ लागला की पहिला संशय इथेच घ्यावा. उपायही आहे. स्फोटापूर्वीचा किंवा सुपरनोव्हा पूर्ण मावळल्यानंतरचा त्याच भागाचा फोटो घ्यायचा आणि तो आजच्या फोटोतून वजा करायचा. उरतो तो फक्त सुपरनोव्हाचा उजेड. वर्षभर थांबून मग जुन्या फोटोंचा हिशेब पुन्हा करावा लागला, तरी तो करावा.

आलेखातली चाल वाचताना

आता आडव्या रेषेवर दिवस आणि उभ्या रेषेवर प्रत मांडा, ठळक वर आणि मंद खाली. बिंदू जोडले की तयार होतो तो तेजाचा आलेख.

गाभा कोसळून फुटणाऱ्या ताऱ्यांत बहुतेकदा असं दिसतं: काही दिवसांत झपाट्याने चढ, मग आठवडेच्या आठवडे जवळपास सपाट पठार, मग अचानक कडा कोसळावा तशी घसरण, आणि शेवटी लांबलचक, एकसारखा उतार.

पठार का? फुटलेला वायूचा गोळा सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फुगत असतो. फुगता फुगता तो निवतोही, मग मंद का होत नाही? कारण हायड्रोजन तापलेला असताना दाट धुक्यासारखा असतो, उजेड आरपार जाऊ देत नाही. सुमारे 5 ते 6 हजार अंशांपर्यंत निवला की तो पारदर्शक होतो. हे धुकं बाहेरून आत विरत जातं. गोळा बाहेर पसरतो आणि धुक्याची कड आत सरकते, त्यामुळे आपल्याला दिसणारा पृष्ठभाग बराच काळ साधारण तेवढाच आणि तेवढाच तापलेला राहतो. धुकं संपलं की पठारही संपतं. अशी पठारं साधारण शंभर दिवस टिकतात. 2023आयएक्सएफचं पठार सुमारे 80 दिवसांतच ओसरलं. आवरण पातळ असेल तर धुकं लवकर विरतं. मरण्याआधी त्या ताऱ्याने बराच वायू बाहेर टाकला होता, हे त्याच्या सुरुवातीच्या वर्णपटातही, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातही, दिसलं होतं.

घसरणीनंतरचा लांब उतार मला या सगळ्यात जास्त थक्क करतो. स्फोटाची मूळ ऊब तोवर संपलेली असते. मग उजेड येतो कुठून? स्फोटात निकेल-56 हा किरणोत्सारी धातू तयार होतो. दर सहा दिवसांनी त्यातला निम्मा कोबाल्ट-56 मध्ये बदलतो. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कोबाल्टचं अर्धायुष्य सुमारे 77 दिवसांचं, आणि तो शेवटी साध्या लोहात बदलतो. या बदलांतून निघणारे गॅमा किरण भोवतालचा वायू शोषतो, तापतो आणि चमकतो. निखारा राखेखाली धुमसत राहावा तसा सुपरनोव्हा आता कोबाल्टवर जळत असतो.

हिशेब करून बघा. दर 77 दिवसांनी उजेड निम्मा. निम्मा उजेड म्हणजे पाऊण प्रतीची घट. म्हणजे 100 दिवसांत जवळपास एक प्रत. प्रत ही पटींची भाषा असल्यामुळे अशी घट आलेखावर सरळ रेषा होऊन उतरते. वहीतल्या तुमच्या बिंदूंतून पट्टी ठेवून रेषा ओढलीत आणि तिचा उतार 100 दिवसांना एक प्रत निघाला, तर कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या एका मूलद्रव्याचं अर्धायुष्य तुम्ही घरून मोजलंत.

हा नुसता तर्क नाही. 1987 मध्ये मोठा मॅजेलनी मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेत एसएन 1987ए फुटला. त्याचा उतार कोबाल्टच्या चालीशी जुळलाच, शिवाय कृत्रिम उपग्रहाने कोबाल्टचे गॅमा किरणही थेट टिपले. उताराच्या तेजावरून निकेल किती तयार झालं तेही निघालं: सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे 7 टक्के. म्हणजे वीस हजारांहून जास्त पृथ्व्यांइतका किरणोत्सारी धातू, एका क्षणात घडलेला.

वन-ए प्रकारात पठार नसतं. अडीच-तीन आठवड्यांत चढ, शिखर, आणि लगेच उतार. त्यातला वायू विरळ असल्याने गॅमा किरण हळूहळू निसटू लागतात, म्हणून शेवटचा उतारही कोबाल्टपेक्षा जास्त तीव्र दिसतो, 100 दिवसांत दीड प्रतीच्या आसपास.

याच प्रकारात 1993 मध्ये मार्क फिलिप्स यांनी एक सुरेख संबंध मांडला: जो मुळात जास्त तेजस्वी, तो सावकाश मंदावतो. शिखरानंतर पंधरा दिवसांत निळ्या फिल्टरमधून किती घट झाली ते पाहायचं. ती साधारणपणे 1.1 प्रतीच्या आसपास असते. त्यावरून खरं तेज कळतं. खरं आणि दिसणारं तेज ताडलं की अंतर निघतं. याच रीतीने दूरचे सुपरनोव्हा मोजून 1998 मध्ये विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं कळलं, आणि त्या कामाला 2011 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मधे धूळ असली तर मात्र सावध राहायला हवं. 2011 मध्ये एम 101 मध्ये 2011एफई हा वन-ए सुपरनोव्हा 10व्या प्रतीपर्यंत उजळला. 2014 मध्ये एम 82 मध्ये दिसलेला 2014जे त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर होता, तरी 10.5च्या आसपासच अडला. त्याच्या दीर्घिकेतल्या दाट धुळीने उजेड गिळला होता, निळा सगळ्यात जास्त.

“पण तारा तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेला ना?”

हो. एम 101 मधला तो स्फोट 2 कोटी वर्षांपूर्वी घडला. पण निघालेला उजेड ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पोचतो. जवळच्या दीर्घिकांपुरतं, तिथला एक दिवस इथेही एक दिवसच असतो. पत्र उशिरा मिळालं म्हणून मजकूर बदलत नाही.

“मोठ्या वेधशाळा असताना आपल्या आकड्यांची गरज कुणाला?”

गरज पडते. मोठ्या दुर्बिणींचा वेळ तासातासाने वाटलेला असतो, एकाच सुपरनोव्हाकडे रोज बघायला तो मिळत नाही. स्वयंचलित सर्वेक्षणं आकाशाच्या एकाच भागाकडे काही दिवसांनी परततात, शिवाय 11-12 प्रतीचा ठिपका अनेकदा त्यांच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही, चित्रबिंदू भरून वाहतात. जवळचा, ठळक सुपरनोव्हा रोज बघायचा तर छोट्या दुर्बिणी आणि जगभर विखुरलेली माणसंच कामी येतात. एकाकडे ढग असले तर दुसऱ्याकडे आभाळ मोकळं असतं.

20 सप्टेंबर 2016 ला अर्जेंटिनातले हौशी निरीक्षक व्हिक्टर बुसो आपल्या 40 सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. एनजीसी 613 या दीर्घिकेचे थोड्या थोड्या वेळाचे फोटो ते एकामागून एक घेत होते. त्यांतल्या आधीच्या फोटोंत काही नव्हतं. पुढच्या फोटोंत एक ठिपका उगवला आणि मिनिटागणिक उजळत गेला. स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडतानाचा तो उजेड होता. ठरवून कुणाला सापडत नाही असा तो क्षण, आणि त्यावरचा शोधनिबंध 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

“डोळ्याने लावलेला अंदाज हे विज्ञान कसं?”

नोव्हेंबर 1572 मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात नवा तारा दिसला. तो टिपणारे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्याकडे दुर्बीणही नव्हती. त्यांनी लिहून ठेवलं: आधी शुक्राइतका, डिसेंबरात गुरूच्या जवळपास, मग पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांसारखा, पुढे त्याहून मंद, आणि मार्च 1574 मध्ये दिसेनासा. 1945 मध्ये वॉल्टर बाडे यांनी या तुलनांना आकडे दिले आणि आलेख काढला, तर तो ‘वन’ प्रकाराशी जुळला. वन-ए हा त्याचाच उपप्रकार. 2008 मध्ये त्याच स्फोटाचा, धुळीच्या ढगांवरून परतून उशिरा पोचलेला उजेड पकडून त्याचा वर्णपट घेण्यात आला. तो वन-ए निघाला.

टायकोंनी ‘खूप तेजस्वी’ एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीच जमलं नसतं. कशाशी ताडलं ते त्यांनी लिहिलं.

“उजेडाने भरलेल्या शहरी आकाशातून जमेल का?”

डोळ्यांनी अवघड. अंधाऱ्या जागी 20 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून 14व्या प्रतीपर्यंत पोचता येतं, शहरात बरंच अलीकडे थांबावं लागतं. कॅमेऱ्याने मात्र जमतं. थोड्या थोड्या वेळाचे फोटो एकावर एक रचून आकाशाचा झगमगाट वजा केला की ठिपका वर येतो. निरीक्षणं कमी झाली तरी चालतील, पण ती तोच कॅमेरा, तोच फिल्टर आणि तेच तुलनातारे वापरून केलेली असावीत.

नोंद कशी ठेवाल

तारीख आणि वेळ जागतिक वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, लिहा. खगोलनिरीक्षक सलग दिवस मोजणारा ज्यूलियन दिनांक वापरतात, कारण त्यात महिने-वर्षं ओलांडायची कटकट नाही. 19 मे 2023 सुरू झाला तो क्षण त्यात 2460083.5 असा येतो. पुढे प्रत, तिच्यात चूक किती असेल त्याचा अंदाज, फिल्टर, कोणते तुलनातारे वापरले, आकाश कसं होतं. आणि आपला आकडा लिहून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा आकडा बघू नका. काल 12.3 होता हे ठाऊक असलेला डोळा आज हमखास 12.4 बघतो. कालचा आपला स्वतःचा आकडाही झाकून ठेवलेला बरा.

शेवटी एक रात्र अशी येते की दृष्टिक्षेत्रातले सगळे तुलनातारे दिसतात, पण सुपरनोव्हाच्या जागी काहीच नसतं. त्या रात्रीची ओळ मोकळी सोडू नका. तुम्हाला दिसलेला सगळ्यात मंद तुलनातारा 13.9 प्रतीचा असेल, तर लिहा: ‘13.9 पेक्षा मंद’. त्या रात्री तारा आलेखावर त्या उंचीच्या खालीच कुठेतरी होता, एवढं त्यातून पक्कं कळतं. कॅमेरा असेल तर पुढच्या अमावास्येला, जास्त वेळ उघडा ठेवून, त्याच जागेचा आणखी एक फोटो घ्या.